भरतीचे 4.8 मीटर आणि नकाशावरचे 4.8 मीटर

पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत 'आज 4.8 मीटरची भरती' असं येतं. काही जण '4.8 मीटर उंच लाटा' असंही छापतात. ते सपशेल चूक, त्या आकड्यात लाटा धरलेल्याच नसतात. नगररचनेचा किंवा अर्बन टेक्नॉलॉजीचा विद्यार्थी हा आकडा उचलतो, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 4.8 च्या समोच्च (समान उंचीच्या) रेषेखालचं सगळं निळं करतो आणि ज्यूरीपुढे निम्मं गाव बुडवून दाखवतो. आकडा बरोबर, नकाशाही बरोबर. फक्त दोघांचं शून्य वेगळं.

भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून मोजतात. बंदराच्या भाषेत सीडी. हे शून्य मुद्दाम खाली, मोठ्या ओहोटीच्या पातळीच्या आसपास धरलेलं असतं. गलबत चालवणाऱ्याला निदान किती पाणी नक्की मिळेल हे कळायला हवं, म्हणून. जमिनीच्या नकाशावरची उंची मात्र समुद्रसपाटीपासून, म्हणजे एमएसएलपासून. कोकण रेल्वेच्या स्टेशनांवर पिवळ्या पाटीवर लिहिलेली उंची ती हीच. भारतीय सर्वेक्षण विभागाने हे शून्य किनाऱ्यावरच्या नऊ भरतीमापन केंद्रांच्या नोंदींवरून ठरवलं, त्यात मुंबई आणि कारवार दोन्ही होती.

मुंबई बंदरात सरासरी समुद्रपातळी सीडीच्या 2.51 मीटर वर आहे. म्हणजे 4.8 ची भरती समुद्रसपाटीच्या हिशेबात 4.8 वजा 2.51, फक्त 2.29 मीटर. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या, भरतीची सरासरी सीडीवर 4.42, म्हणजे जमिनीच्या भाषेत 1.91. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीची, 3.30, म्हणजे जेमतेम 0.79.

या अडीच मीटरचा सगळ्यात मोठा फटका नाल्याच्या मुखाला बसतो. समजा नाल्याचा इन्व्हर्ट, म्हणजे तळपातळी, समुद्रसपाटीवर 1.0 मीटर आहे. भरती 4.8, ओहोटी 0.6 आणि दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं. इन्व्हर्ट सीडीत बदलला की 3.51 होतो. पाण्याची चढउतार साइन वक्रासारखी धरली तर समुद्र त्याच्या वर राहतो सुमारे 4 तास 40 मिनिटं. तेवढा वेळ नाल्याच्या मुखावरची, समुद्राचं पाणी अडवणारी झडप बंद, आणि तेवढ्या वेळात पडलेला पाऊस साठवायला जागा हवी. शून्य न बदलता 1.0 ची तुलना थेट तक्त्याशी केली तर उत्तर येतं जवळपास 10 तास. मग साठवण तळं दुपटीहून मोठं निघतं आणि साइटवर मावत नाही. उलटी चूक जास्त घातक. बंदराच्या ड्रॉइंगवरून 3.5 चा इन्व्हर्ट घेतला आणि तो एमएसएल समजला, तर भरती तिथे पोचतच नाही. बंद राहण्याचा काळ शून्य, तळं कागदावरून गायब, आणि पहिल्या उधाणाला वस्तीत पाणी.

जेट्टीचं तसंच. बंदराच्या ड्रॉइंगवर डेक 5.5 लिहिलेला, बंदरपट्टीचा रस्ता सर्व्हेत 3.0. विद्यार्थी अडीच मीटरचा चढ धरून 1:12 उताराने 30 मीटरचा रॅम्प काढतो. प्रत्यक्षात 5.5 सीडी म्हणजे 2.99 एमएसएल. रस्ता आणि डेक एका पातळीवर आहेत, रॅम्पची गरजच नाही. घराची उंची एकाने जोत्यापासून आणि दुसऱ्याने रस्त्यापासून मोजावी, तसला हा घोळ.

म्हणून 2.51 पाठ करून ठेवावा? नाही. तो मुंबईचा. चार्ट डेटम प्रत्येक बंदराचं स्वतंत्र असतं, आणि कोकणात दक्षिणेला जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत कमी होत जाते, त्याबरोबर सीडी आणि एमएसएलमधलं हे अंतरही. मार्मागोव्याला ते दीड मीटरच्या आत आहे. रत्नागिरी, जयगड, मालवणच्या प्रोजेक्टला त्या-त्या बंदराचा आकडा भरतीच्या तक्त्यातून किंवा सागरी नकाशावरच्या नोंदीतून घ्यायचा. गंमत अशी की भरतीचे तक्ते काढणारा सर्वेक्षण विभाग आणि सागरी नकाशे काढणारं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय, दोन्ही देहरादूनला, समुद्रापासून कोसो दूर. मुंबई महापालिकेच्या जुन्या नाल्यांच्या पातळ्या तर टाउन हॉल डेटमवर असतात, म्हणजे तिसरंच शून्य. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात डेटम लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला हात लावू नये.

आकडा मिळाला तरी जागेवर पडताळा घ्यावा. हिवाळ्यातला वारा नसलेला दिवस निवडा. जवळच्या तळचिन्हापासून (समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असलेली खूण) ऑटो लेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने, जेट्टीपर्यंत पातळी आणा आणि परत तळचिन्हावर जाऊन लूप बंद करा. साध्या लेव्हलिंगला चालणारी चूक म्हणजे किलोमीटरच्या वर्गमुळाला 24 ने गुणून येतील तेवढे मिलिमीटर; 2 किलोमीटरच्या लूपला 34. मग तक्त्यातल्या भरतीच्या वेळेच्या आधी-नंतर दहा-दहा मिनिटं जेट्टीच्या आडोशाच्या बाजूला स्टाफ, म्हणजे उभी मोजपट्टी, धरून पाण्याची पातळी वाचत राहा, सगळ्यात वरची घ्या. तक्त्यातली भरती वजा तुमची पातळी, हे त्या जागेचं सीडी-एमएसएल अंतर. छापील आकड्याशी ते दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये जुळलं तर ठीक. अर्धा मीटर चुकलं तर आधी तळचिन्ह तपासा. रस्ता रुंद करताना ते उखडून पुन्हा बसवलेलं असण्याची शक्यता मोठी.

उपग्रहाचा डेम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, वापरणाऱ्यांची वेगळी फजिती होते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून उतरवलेल्या कार्टोडेममध्ये अख्खी किनारपट्टी उणे साठ-सत्तर मीटर दिसते, कारण त्या उंच्या लंबगोलावरून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून, मोजलेल्या असतात. डीजीपीएसचा (सर्व्हेच्या अचूक जीपीएसचा) कच्चा आकडाही तसाच. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये तिथली जिऑइडची, म्हणजे समुद्रसपाटी जमिनीखालून पुढे नेल्यावर येणाऱ्या पृष्ठाची, लंबगोलावरची उंची वजा करायची. ती स्वतः उणे असल्याने उंच्या वर येतात. एसआरटीएम या अवकाशातल्या रडारने केलेल्या डेममध्ये ही भानगड नाही, पण तिथे रडार झाडांच्या शेंड्यांजवळून परततं, त्यामुळे नारळी-पोफळीच्या बागा टेकडीसारख्या वर येतात आणि नेमकी सखल आगरं सुरक्षित दिसतात. दोन मीटरच्या भरतीचा प्रश्न 30 मीटरच्या पिक्सेलवर सोडवूच नये.

सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, भरतीरेषा हा तिसरा विषय. ती अधिकृत संस्थेने आखलेली कायद्यातली रेषा आहे, समोच्च रेषा नव्हे. तक्त्यावरून ती काढता येत नाही.

आणि तक्त्यातला आकडा हा चंद्र-सूर्याचा हिशेब आहे, हवामानाचा नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो, वर वाऱ्याचा रेटा वेगळा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ आलं तेव्हाची पातळी कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही. खाडीच्या आतल्या गावांना तर बंदराचा तक्ता जसाच्या तसा लागू होत नाही: भरती उशिरा पोचते, अरुंद जागी उंचीही बदलते, आणि पावसाळ्यात वरून नदीचं पाणी आलेलं असतं. अशा साइटला एखाद्या उघाडीजवळ, म्हणजे खारबंधाऱ्यातल्या झडपेजवळ, स्वतःची पट्टी बसवून पाण्याची पातळी एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे निदान पंधरवडाभर, टिपलेली बरी. पट्टीचं शून्य तळचिन्हाशी जोडायला मात्र विसरू नका.