फाइल डिलीट होत नाही: ती वापरात आहे, की तुमच्या नावावर नाही?

गेल्या दिवाळीत आत्याकडे एकाच दुपारी दोन गोष्टी डिलीट होईनात. एक म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेचा व्हिडिओ. तो चुकून दोनदा कॉपी झाला होता आणि लॅपटॉपवरची जागा संपत आली होती. दुसरी म्हणजे आतोबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढून बाहेरच्या केसमध्ये बसवलेल्या हार्ड डिस्कवरचा एक फोल्डर. आतेभाऊ म्हणाला, "दोन्ही लॉक झाल्यात." आपण सगळेच तसं म्हणतो. पण 'लॉक' या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या अडचणी येतात. एकीचं औषध दुसरीला दिलं तर कधी नुसता वेळ जातो, आणि कधी चांगली चालणारी विंडोज बिघडते.

शेतीच्या भाषेत सांगतो. एका शेतात पीक उभं आहे, म्हणून नांगर घालता येत नाही. पीक निघालं की वाट मोकळी. दुसरं शेत पडीक आहे, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं आहे. तिथे दोन हंगाम थांबलात तरी काही उपयोग नाही. आत्याचा व्हिडिओ पहिल्या जातीचा होता, आतोबांचा फोल्डर दुसऱ्या.

विंडोज हा फरक बहुतेक वेळा संदेशाच्या शीर्षकातच सांगते, आपण मात्र घाईत न वाचता 'कॅन्सल' दाबतो. पहिल्या प्रकारात वर 'फाइल इन यूज' किंवा 'फोल्डर इन यूज' असतं, आणि खाली कोणत्या प्रोग्रामने फाइल उघडली आहे तेही अनेकदा लिहिलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात वर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं आणि खाली अमक्याची परवानगी लागेल, असं सांगितलेलं असतं. विंडोजच्या आत यांचे एरर क्रमांकही वेगळे आहेत: फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरली असेल तर ३२, परवानगी नाकारली असेल तर ५.

आधी वापरातल्या फाइलचं बघू. एखादा प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा विंडोज त्याला तिचं 'हँडल' देते, म्हणजे फाइल धरायची जणू मूठच. उघडतानाच प्रोग्राम सांगून ठेवतो, की माझं काम चालू असेपर्यंत इतरांना ही फाइल वाचू द्यायची का, तिच्यात लिहू द्यायचं का, ती डिलीट करू द्यायची का. शेवटची मुभा त्याने दिली नसेल, तर ते हँडल बंद होईपर्यंत फाइल जागची हलत नाही. तुम्ही अ‍ॅडमिन असलात तरीही नाही. लिनक्सची रीत निराळी आहे. तिथे उघडी फाइलही लगेच डिलीट होते, म्हणजे तिचं नाव जातं. मजकूर मात्र शेवटचा प्रोग्राम तिला सोडेपर्यंत डिस्कवर राहतो. सर्व्हरवरची मोठी लॉग फाइल उडवूनही जागा वाढलेली दिसत नाही, ती याच कारणाने.

आत्याच्या लॅपटॉपवर प्लेअर तर बंद होता. मग व्हिडिओ धरला होता कोणी? स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडला, सीपीयूच्या टॅबवर गेलो आणि 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधपट्टीत फाइलच्या नावाचा तुकडा टाकला. खाली एकच नाव आलं, खुद्द विंडोज एक्सप्लोररचं, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. फोल्डर मोठ्या आयकॉनमध्ये उघडा होता आणि त्या व्हिडिओचं छोटं चित्र तयार करण्यासाठी एक्सप्लोररच फाइल उघडून बसला होता. फोल्डरचं दृश्य 'डिटेल्स'वर आणलं, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रिस्टार्ट केला आणि व्हिडिओ पहिल्या फटक्यात गेला.

असे गुन्हेगार ठरलेले असतात. बंद केल्यासारखा वाटणारा पण मागे चालू राहिलेला वर्ड, अपलोड करत असलेला क्लाउड ड्राइव्ह, तपासणीत गुंतलेला अँटिव्हायरस. रिकामा फोल्डर डिलीट होत नसेल तर कमांड प्रॉम्प्टची एखादी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उभी आहे का, ते बघा. ऑफिसातल्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये तर फाइल पलीकडच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडी असू शकते. शेअर ज्या मशीनवर आहे तिथे 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स'खाली 'ओपन फाइल्स' बघितलं की ते कळतं. ज्यांना हे वरचेवर लागतं त्यांनी मायक्रोसॉफ्टचं मोफत 'पॉवरटॉइज' घालून ठेवावं. त्यातल्या 'फाइल लॉकस्मिथ'मुळे राइट क्लिक करून फाइल कोणी धरली आहे ते बघता येतं.

'प्रोसेस एक्सप्लोरर'सारख्या साधनात हँडल बळजबरीने बंद करण्याची सोय आहे. तिच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. प्रोग्रामला वाटत असतं की फाइल अजून आपल्याकडेच आहे. विंडोज तोच हँडल क्रमांक दुसऱ्याच फाइलला देऊ शकते, आणि मग लिहायचं एकीकडे ते दुसरीकडे लिहिलं जातं. प्रोग्राम रीतसर बंद करावा, नाहीतर मशीन रिस्टार्ट करावं. इथे 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं पुरेसं नसतं. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा, सर्व्हिसेससकट (म्हणजे मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांसकट), डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तसाच उचलते. एखाद्या सर्व्हिसने धरलेली फाइल धरलेलीच राहते. 'रिस्टार्ट'मध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

आतोबांच्या फोल्डरवर आतेभावाने तीनदा रिस्टार्ट केलं होतं. तिथे धरणारं कोणी नव्हतंच. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी' टॅब उघडला, तर माणसाच्या नावाच्या जागी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारा लांबलचक आकडा होता. विंडोज प्रत्येक यूजरला असा क्रमांक देते आणि फाइलवर हक्क लिहिताना नाव न लिहिता हा क्रमांक लिहिते. जुन्या कॉम्प्युटरवर तो क्रमांक म्हणजे आतोबा होते. नव्या लॅपटॉपवर त्याच नावाचं खातं काढलं तरी क्रमांक वेगळाच मिळतो, त्यामुळे लॅपटॉपच्या लेखी या फोल्डरचा मालक कोणी अनोळखी आहे.

अ‍ॅडमिनचं नाव हक्कांच्या यादीत नसेल तर त्यालाही नकार मिळतो. पण मालकी स्वतःकडे घेण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. 'सिक्युरिटी'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड', तिथे 'ओनर'समोरच्या 'चेंज'मध्ये आपल्या खात्याचं नाव, आणि आतल्या फोल्डरांनाही तोच मालक लावण्याच्या चौकटीत टिचकी. मग खिडकी बंद करून पुन्हा उघडायची आणि स्वतःला 'फुल कंट्रोल' द्यायचा. मालकी आणि परवानगी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. बरेच जण पहिल्यावर थांबतात आणि जमलं नाही म्हणून सोडून देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संदेशात 'ट्रस्टेड इन्स्टॉलर'ची परवानगी मागितली असेल तर हात मागे घ्या. व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या फाइली या खात्याच्या मालकीच्या असतात, आणि अ‍ॅडमिनलाही त्यावर मुद्दाम कमी हक्क दिलेले असतात. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरची सरसकट मालकी घ्यायला सांगणाऱ्या युक्त्या इंटरनेटवर फिरत असतात. एकदा ते केलं की मूळ हक्क जसेच्या तसे परत लावणं फार अवघड, आणि अपडेट अडायला लागतात. जागेसाठी 'विंडोज डॉट ओल्ड', म्हणजे अपग्रेडनंतर मागे राहिलेला जुन्या विंडोजचा फोल्डर, काढायचा असेल तर सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज'खाली 'टेम्पररी फाइल्स'मधून जुन्या विंडोजची नोंद निवडून काढा. काहीच केलं नाही तरी विंडोज १० आणि ११ अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांत तो फोल्डर स्वतःच काढून टाकतात.

शीर्षक वाचूनही फसायला होईल अशा दोन जागा आहेत. चालू असलेल्या प्रोग्रामची ईएक्सई फाइल कमांड प्रॉम्प्टमधून डिलीट करायला गेलात तर उत्तर 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' येतं, जरी अडचण वापराची असली तरी. 'रीड ओन्ली'ची खूण असलेल्या फाइललाही तिथे हेच उत्तर मिळतं, आणि एक्सप्लोररमधून तीच फाइल निमूट जाते. शंका असली की रिस्टार्ट करावं, काहीही न उघडता एक्सप्लोररमधून त्या फाइलवर जावं आणि डिलीट दाबावं. तरीही तोच नकार आला, तर 'सिक्युरिटी' टॅब उघडून मालक कोण आहे ते बघायचं.