चिप बनवणाऱ्या यंत्रांची तस्करी आणि निर्यात-नियंत्रण : पार्श्वभूमी

सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, तेव्हा विलायतेहून यंत्रे मागवण्यास कायद्याची आडकाठी उरली नव्हती. त्याआधी मात्र, १७७४ पासून, ब्रिटनने कापड-उद्योगाची यंत्रे व अवजारे देशाबाहेर नेण्यास बंदी घातली होती आणि ती १८४३ मध्ये उठली. कुशल कारागिरांच्या परदेशगमनालाही मनाई होती. तरीही सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये आपला व्यवसाय लपवून अमेरिकेला गेला आणि सूतकताईची यंत्रे त्याने तेथे आठवणीवर विसंबून उभी केली.

शीतयुद्धात यंत्रांच्या निर्यातीवरची ही राखण १९४९ साली स्थापन झालेल्या ‘कोकॉम’ या पाश्चात्त्य समन्वय समितीकडे आली. सोव्हिएत संघाला चिप बनवण्याची यंत्रे हवी होती आणि ती कॅलिफोर्नियातील नावापुरत्या कंपन्या व पश्चिम जर्मनीतील व्यापारी यांच्यामार्फत मॉस्कोकडे जात असत. अशीच एक खेप अमेरिकी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास पकडली, खोक्यांतली यंत्रे काढून त्यांत वाळू भरली आणि माल पुढे जाऊ दिला, म्हणजे वाटेतले हात उघडे पडावेत. तोशिबाच्या उपकंपनीचे १९८७ मध्ये उजेडात आलेले प्रकरण चिपचे नव्हते, पाणबुड्यांचे पंखे घडवणाऱ्या यंत्रांचे होते. पण त्याचा धडा अधिक मोलाचा, कारण तेथे यंत्र लपवलेच नव्हते. परवान्याच्या कागदावर ते साधे यंत्र असल्याचे लिहिले, एवढेच.

कोकॉम १९९४ मध्ये विसर्जित झाली. तिच्या जागी १९९६ मध्ये निर्यात-नियंत्रणाची ‘वासेनार’ ही बहुदेशीय व्यवस्था आली, पण तिच्यात एका देशाची निर्यात दुसऱ्याला अडवता येत नाही. ही ढिलाई भरून काढण्यासाठी अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनसाठी कडक नियम आणले; २०२३ मध्ये जपान व नेदरलँड्सनेही निर्बंध वाढवले. नेदरलँड्सच्या एएसएमएल या चिप-यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे अतितीव्र अतिनील किरणांचे (ईयूव्ही) प्रगत यंत्र सुमारे १५० ते १८० टनांचे असते. ते चोरून नेणे अशक्यप्राय आहे आणि चीनसाठी त्याला परवाना मिळालेलाही नाही. खरी गळती जुन्या पिढीची वापरलेली यंत्रे, सुटे भाग आणि तिसऱ्या देशातून होणारी फेरनिर्यात यांतून संभवते. सोलापुरात सेकंडहँड माग विकत घेणाऱ्याला ठाऊक असते की माग मिळतो, पण त्याचे सुटे भाग आणि तो लावून देणारा जॉबर मिळाला नाही तर पैसे अडकतात. २०२२ च्या नियमांनी नेमके हेच हेरले आणि यंत्रांबरोबर अमेरिकी तंत्रज्ञांच्या सेवेवरही बंधने घातली. माझ्या मते बंदरावरच्या झडतीपेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक आहे, कारण अशा यंत्राला देखभाल सतत लागते.

भारत डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत सामील झाला. आपल्याकडील दुहेरी, म्हणजे नागरी व लष्करी, वापराच्या वस्तूंची ‘स्कोमेट’ यादी परकीय व्यापार महासंचालनालय चालवते. यादीतला माल पाठवण्यापूर्वी परवाना घ्यावा लागतो आणि अंतिम वापरकर्ता कोण, वापर कशासाठी, हे लेखी द्यावे लागते. मग निर्यातदार मुंबईचा असो वा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला.