ठराव झाला म्हणजे बस आली का? पाठिंब्याचा ठराव आणि दायित्वाचा ठराव

"प्रादेशिक वाहतूक आराखड्याला महापालिकेचा पाठिंबा, महासभेत ठराव एकमताने मंजूर." अशी बातमी आली की सांगलीतल्या विश्रामबागच्या थांब्यावर उभ्या माणसाला वाटतं, आता कुपवाड एमआयडीसीला, माधवनगरला, झालंच तर अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूरपर्यंत दर पंधरा मिनिटाला गाडी. वर्ष उलटतं. गाडी येत नाही. मग "ठराव करून खाल्ला" म्हणून नगरसेवकांच्या नावानं शिमगा होतो.

बऱ्याचदा ठराव कुणी खाल्लेला नसतो. तो होताच तेवढा. एकाच सभागृहात, त्याच सूचक-अनुमोदकांच्या सह्यांनी आणि त्याच "सर्वानुमते मंजूर" शिक्क्यानं दोन वेगळ्या जातीचे ठराव बाहेर पडतात. एकात सभागृह म्हणतं, हे व्हावं. दुसऱ्यात म्हणतं, हे होण्यासाठी आम्ही इतकं देणं लागतो. पहिला पाठिंब्याचा, दुसरा दायित्वाचा. लग्नपत्रिकेत 'आपले विनीत'च्या यादीत नाव असणं आणि मांडववाल्याचं बिल उचलणं, यात जो फरक तोच.

ओळखायचं कसं? ठरावाचा शेवट वाचायचा. पाठिंब्याचा ठराव साधारण असा संपतो: "...सदर आराखडा लोकहिताचा असल्याने त्यास ही सभा पाठिंबा देत असून शासनाकडे शिफारस करणेत येत आहे." बघा, यातलं काम शासनानं करायचं आहे. महापालिकेनं फक्त टपाल पाठवायचं. दायित्वाच्या ठरावाचा शेवट रुक्ष असतो: "...येणारा खर्च अमुक लेखाशीर्षातून भागविणेस, अमुक सर्व्हे नंबरची जागा आगारासाठी देणेस व करारनामा करणेचे अधिकार मा. आयुक्त यांना देणेस मान्यता." लेखाशीर्ष (म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं), जागेचा नंबर आणि सही कुणी करायची, या तीन गोष्टी दिसल्या तर ठरावात काहीतरी वजन आहे. तिन्ही नसतील तर तो शुभेच्छापत्राच्या वर्गात मोडतो, भले त्यावर तासभर भाषणं झालेली असोत. विषय विषयपत्रिकेवर रीतसर आला होता की 'एक ज'खाली, म्हणजे पत्रिकेत नसताना, ऐनवेळी घुसला, तेही बघून ठेवावं. ऐनवेळच्या विषयामागं प्रशासनाची टिपणी क्वचितच असते, आणि टिपणी नसेल तर खर्चाचा आकडा कुणी काढलेलाच नसतो.

या गोंधळाला कायद्याचाही हातभार आहे. संविधानाच्या 12 व्या अनुसूचीत शहरी स्थानिक संस्थांसाठी 18 विषय दिलेत. त्यात रस्ते आणि पूल आहेत, आणि सार्वजनिक सुविधांच्या नोंदीत दिवाबत्ती, वाहनतळ आणि बसथांबे आहेत. बस चालवणं असा विषय मात्र त्यात वेगळा नाही. थांबा आहे, गाडी नाही! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये प्रवासी वाहतूक येते, पण बंधनकारक कर्तव्यांत नाही, कलम 66 च्या स्वेच्छाधीन कर्तव्यांत. पाणी द्यावंच लागतं, कचरा उचलावाच लागतो. बस ही मर्जीची बाब. म्हणून बसबद्दल सहानुभूती दाखवायला सगळे मोकळे आणि खर्चाची वेळ आली की "आधी ड्रेनेजचं बघू" म्हणायलाही मोकळे. ते पूर्ण चूक आहे असंही मी म्हणणार नाही. ज्या शहरात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरतं तिथं ड्रेनेजचा नंबर आधी लागणारच.

सांगलीचं आणखी एक वळण आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली एक महापालिका झाली, पण शहरी बस वर्षानुवर्षं एसटीच चालवत आली. कोल्हापूरला केएमटी हा महापालिकेचा स्वतःचा उपक्रम आहे. आपल्याकडे तसं नाही. एसटी हे 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालणारं राज्याचं महामंडळ. महासभेचा ठराव एसटीच्या विभाग नियंत्रकांना बांधत नाही. ते तो वाचतील, आगारात गाड्या किती आणि चालक-वाहक किती ते बघतील आणि उत्तर पाठवतील. सभागृहानं दुसऱ्याच्या खिशातल्या पैशाबद्दल केलेला ठराव एकमतानं होतो, यात नवल ते काय.

आता दायित्व म्हणजे नेमकं किती, ते पैशात बघू. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाली: 10,000 ई-बस, सार्वजनिक-खासगी भागीदारीतून, केंद्राची मदत 20,000 कोटी रुपयांची. यात गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा. त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात, गाडी भरलेली असो वा रिकामी. केंद्र 12 मीटरच्या बसला किलोमीटरमागं 24 रुपये, 9 मीटरच्या बसला 22 आणि 7 मीटरच्या बसला 20 रुपये देतं, तेही 10 वर्षांपर्यंत. उरलेलं तिकिटातून, आणि तिकिटातून निघालं नाही तर स्थानिक संस्थेनं.

समजुतीसाठी आकडे मानू. 9 मीटरच्या बसचा ठेकेदाराचा दर किलोमीटरला 60 रुपये. केंद्राचे 22. तिकिटाचे 25. तूट 13 रुपये. ऐकायला काहीच नाही, चहाची किंमत. पण एक बस दिवसाला 180 किलोमीटर धावली तर 2,340 रुपये. अशा 30 बस म्हटल्या की दिवसाला 70,200. वर्षाला साधारण 2 कोटी 56 लाख. हे दरवर्षी, आणि डिझेल नसलं तरी चालकाचा पगार, टायर, वीज यांचे दर जागेवर थांबत नाहीत. वर गाडी कमी धावली तरी करारात ठरलेल्या किमान किलोमीटरचे पैसे चुकत नाहीत. रस्ता खोदून ठेवल्यामुळं बस बंद राहिली, तरी मीटर चालूच.

"आम्ही ई-बसचं स्वागत करतो" हा ठराव करायला यातलं काहीच माहीत असावं लागत नाही. "तूट महापालिका भरेल" हा ठराव करायचा तर हे गणित आधी मुख्य लेखाधिकाऱ्यांच्या टेबलावरून जावं लागतं.

नाशिकनं ही पायरी ओलांडली. तिथंही शहर बस एसटीच चालवायची. 8 जुलै 2021 ला महापालिकेच्या परिवहन कंपनीनं सिटीलिंक सुरू केली, ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे देऊन. तोटा महापालिकेच्या माथी आला आणि त्यावरून तिथं सतत वाद होतात. होऊ देत. वाद होतोय याचा अर्थ बस धावते आहे आणि बिल कुणाच्या नावावर आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पुण्याचं उदाहरण आपल्या भागाला जास्त लागू पडतं, कारण तिथं एकाहून अधिक स्थानिक संस्था आहेत. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही एकच कंपनी झाली. संचलनातली तूट पुणे महापालिकेनं 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडनं 40 टक्के सोसायची असं ठरलं. त्या 60-40 वर दोन्हीकडे कुरबुरी चालतात, पण आकडा लिहिलेला आहे. सांगली-मिरज-जयसिंगपूर-इचलकरंजी-कोल्हापूर असा पट्टा डोळ्यांसमोर आणा. दोन जिल्हे, तीन महापालिका, मध्ये नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती. या सगळ्यांनी पाठिंब्याचे ठराव दिले तर उत्तम फाईल तयार होईल. तूट कुणी किती सोसायची हे एकानं जरी लिहून दिलं, तर चर्चा सुरू होईल. मला विचाराल तर सगळ्यांच्या एकमतापेक्षा त्या एका कागदाची किंमत जास्त. वाहतुकीच्या ठरावाला विरोधात मतं पडली असतील तर मी तो आवडीनं वाचतो. कुणीतरी विरोध केलाय, म्हणजे कुणाच्या तरी प्रभागाच्या निधीला हात लागत असणार.

पाठिंब्याचा आहे म्हणून ठराव रद्दीत टाकायचा नसतो, हेही खरं. रेल्वेसारख्या विषयात स्थानिक संस्थेकडे देण्यासारखं फारसं नसतंच. मिरज जंक्शनचा निर्णय महासभा करत नाही. तिथं शिफारस हाच मार्ग, आणि खासदाराच्या हातात ठरावांचा गठ्ठा असेल तर मागणी एकट्याची वाटत नाही. पण रेल्वेतही चाक फिरतं ते हिश्श्यानं. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला. राज्यानं निम्मा खर्च उचलायचं मान्य केल्यावर कामाला जोर आला, आणि तरीही बीडला गाडी पोचायला सप्टेंबर 2025 उजाडला. पैसे देऊनही एवढं. नुसत्या शिफारशीवर किती, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

दायित्व म्हणजे नेहमी कोट्यवधीच, असंही नाही. तासगाव किंवा कवठेमहांकाळ तालुक्यातल्या ग्रामसभेनं "मुक्कामी गाडी मिळावी" असा ठराव केला तर तो पाठिंबा. त्याच ग्रामसभेनं पुढं लिहिलं की गाडी वळवायला शाळेपुढची जागा मोकळी करून देऊ, वळणावरचं अतिक्रमण काढू, चालक-वाहकाच्या झोपण्याची सोय पंचायतीच्या खोलीत करू, तर ते दायित्व. आगार व्यवस्थापकाला दुसऱ्या ठरावाला नाही म्हणणं अवघड जातं. एक खाच मात्र ध्यानात ठेवायची: पुष्कळ गावं उत्साहानं गायरान देऊन टाकतात. गायरान शासनाचं. ग्रामपंचायत ते सांभाळते, परस्पर देऊ शकत नाही. तिथं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती नसेल तर दायित्वाच्या वेशातला तो पाठिंबाच.

असा वेशांतराचा प्रकार शहरातही चालतो. अंदाजपत्रकात 'शहर बस सेवा' असं लेखाशीर्ष दिसतं, पुढं हजार रुपये. याला टोकन तरतूद म्हणतात. शीर्ष जिवंत ठेवायला ती उपयोगी, वर्षात पैसे आले तर वळते करता येतात; पण भाषणात तिचा उल्लेख "बससाठी तरतूद केली" असाच होतो. दुसरा प्रकार उलटा: सभागृह जोशात झेपणार नाही एवढं दायित्व घेतं, आयुक्त तो ठराव शासनाकडे पाठवतात आणि शासन महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली तो निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करतं. नगरपरिषदेत तेच काम नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी करतात. म्हणजे दायित्वाचा ठराव झाला तरी तो टिकला का, हे वेगळं विचारावं लागतं. मधल्या प्रशासकराजमध्ये तर प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच होता, तेव्हाच्या ठरावांना विरोध कुणी करायचा हाच प्रश्न.

तुमच्या गावात असा ठराव झाला असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत 30 दिवस. फक्त "ठरावाची प्रत द्या" एवढंच मागू नका, ती मिळेल आणि त्यात सगळं छानच असेल. ठरावाची सत्यप्रत, त्यामागची प्रशासनाची टिपणी, ज्या लेखाशीर्षातून खर्च व्हायचा त्याची चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाजपत्रकात ती किती राहिली आणि आजअखेर प्रत्यक्ष खर्च किती, असं मागा. शेवटच्या रकान्यात शून्य आलं तर पुढच्या सभेच्या आधी तो कागद आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला नेऊन दाखवा.