आठ ट्रॅकची टेप आणि ब्रुकलिनमधलं घर

शॅरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज या फंक (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं तालप्रधान संगीत) वाजवणाऱ्या बँडचा 'आय लर्न्ड द हार्ड वे' हा अल्बम २०१० साली आला. कव्हर न बघता ऐकला, तर कुणीही तो १९६८च्या आसपासचा समजेल. तो रेकॉर्ड झाला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, बुशविक भागातल्या एका जुन्या घरात आणि अँपेक्स कंपनीच्या आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठच वेगवेगळ्या पट्ट्यांवर आवाज टिपणाऱ्या टेप मशीनवर.

या आवाजाचं मूळ साठच्या दशकात आहे. मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात स्टुडिओ थाटला. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच राहिली. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ एका घरात होता. दोन्हीकडे गायक बदलत, वादकांचा ताफा मात्र ठरलेला असे. मोटाउनच्या ताफ्याची, म्हणजे फंक ब्रदर्सची नावं अल्बमवर छापली गेली ती थेट १९७१ मध्ये, गायक मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. पुढे १९७५ मध्ये स्टॅक्सचं दिवाळं निघालं, आणि ऐंशीच्या दशकात ड्रम मशीनने ठरलेल्या ताफ्याची गरजच कमी केली.

जुन्या फंकच्या रेकॉर्ड धुंडाळणारे शौकीन मात्र टिकून होते. गॅब्रिएल रॉथ आणि फिलिप लेमन यांची डेस्को ही कंपनी नव्वदच्या दशकात त्यांच्यासाठीच निघाली, आणि तिने थोडी लबाडीही केली. न्यूयॉर्कमध्ये वाजवलेला 'द डकटारीज'चा अल्बम सत्तरच्या दशकातल्या नायजेरियन बँडचा म्हणून चक्क खपवला! १९९६ मध्ये याच मंडळींच्या एका रेकॉर्डिंगला कोरस गायला शॅरन जोन्स आली. चाळिशीची, न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी म्हणून काम केलेली. रेकॉर्ड कंपन्यांनी तिचं वय, वजन, उंची आणि रंग बघून तिला केव्हाच बाजूला सारलं होतं.

डेस्को मोडल्यावर रॉथ आणि सॅक्सोफोनवादक नील शुगरमन यांनी २००१ मध्ये डॅपटोन ही रेकॉर्ड कंपनी काढली. बुशविकचा तिचा स्टुडिओ डॅप-किंग्ज बँडनेच उभा केला. वायरिंगच्या कामात खुद्द जोन्सचाही हात होता. ट्रॅक आठच असले की अनेक वाद्यांना एकाच ट्रॅकवर बसावं लागतं. ट्रम्पेट किती पुढे आणि सॅक्सोफोन किती मागे, हे वाजवतानाच ठरतं. मागाहून बटण फिरवून ते सुधारता येत नाही. माझ्या मते या बँडच्या आवाजाचं गुपित जुन्या मशीनपेक्षा या अडचणीत जास्त आहे.

२००६ मध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या 'बॅक टू ब्लॅक'मधल्या सहा गाण्यांना डॅप-किंग्जची साथ होती. त्या अल्बमनंतर हा आवाज जगभर गेला, वाइनहाउसला २००८ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. आपल्याच वादकांच्या जोरावर दुसरी गायिका गाजत असताना जोन्स पन्नाशीत होती. तिच्या वाट्याला ग्रॅमीचं नामांकन आलं ते २०१४च्या 'गिव्ह द पीपल व्हॉट दे वॉन्ट'साठी. तोवर तिला कर्करोगाने गाठलं होतं. २०१६ मध्ये ती गेली.