थकलेला पगार आणि मत नसलेली राजधानी
वॉशिंग्टनमधल्या बहुतेक गाड्यांच्या नंबरप्लेटवर 2000 सालापासून एक तक्रार छापलेली दिसते: कर घेता, पण प्रतिनिधित्व नाही. घोषणा जुनीच, वसाहतींनी ब्रिटिशांविरुद्ध दिलेली. 2020 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 6,89,545 भरली, म्हणजे वायोमिंग आणि व्हरमाँट या दोन्ही राज्यांपेक्षा जास्त. तरी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, या शहराचे कोणी नाही, आणि प्रतिनिधिगृहात जो सदस्य बसतो त्याला विधेयकावरच्या अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. याचे मूळ शोधायचे तर राज्यघटनेच्याही आधी, सैनिकांच्या थकलेल्या पगारापर्यंत जावे लागते.

जून 1783. स्वातंत्र्ययुद्ध संपत आले होते आणि तिजोरीत खडखडाट होता. पेनसिल्व्हेनियाचे सुमारे 80 सैनिक लँकेस्टरहून पगार मागायला फिलाडेल्फियाकडे निघाले. तिथल्या बराकीतले आणखी शेकडो त्यांना मिळाले. 21 जूनला, शनिवारी, त्यांनी काँग्रेस, म्हणजे देशाची संसद, जिथे भरत असे त्या इमारतीला वेढा घातला. शेजारच्या गुत्त्यांतून दारू येऊ लागली आणि बंदुका खिडक्यांकडे वळू लागल्या. काँग्रेसने राज्य सरकारकडे शिबंदी मागितली. राज्याचे प्रमुख जॉन डिकिन्सन यांनी ती बोलावली नाही. शिबंदी आपल्याच सैनिकांवर हत्यार उचलेल याची त्यांना खात्री नव्हती. सदस्य दुपारी तीनच्या सुमारास सैनिकांच्या गर्दीतून बाहेर पडले. कोणालाही इजा झाली नाही, पण मानहानी व्हायची ती झालीच. काँग्रेसने प्रिन्स्टन गाठले, मग अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन आणि शेवटी न्यूयॉर्क.

त्या दिवसांत काँग्रेसमध्ये पुढे राज्यघटना घडवणारे अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन दोघेही होते. चार वर्षांनी राज्यघटना लिहिली गेली, तेव्हा तिच्यात दहा मैल लांब, दहा मैल रुंद अशा प्रदेशाची तरतूद आली. तिथे कोणत्याही राज्याची सत्ता नको, सगळा अधिकार काँग्रेसचा. पुन्हा कोणा डिकिन्सनच्या दारात उभे राहण्याची वेळ येऊ नये, हा हिशेब. तिथे राहणाऱ्यांच्या मताचे काय, यावर त्या कलमात एक शब्द नाही. माझ्या मते यात कट नव्हता, बेफिकिरी होती. तो प्रदेश कुठे असेल हेच ठरले नव्हते, तर तिथले रहिवासी कोणाच्या डोळ्यांपुढे येणार?

जागा ठरली ती कर्जाच्या सौद्यात. जानेवारी 1790 मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी सरकारी पत या विषयावरचा अहवाल मांडला. केंद्राचे कर्ज सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर, राज्यांचे अंदाजे अडीच कोटी. सगळे केंद्राने आपल्या अंगावर घ्यावे, असा त्यांचा आग्रह. पगाराऐवजी सैनिकांच्या हातात पडलेले रोखे तोवर दलालांनी कवडीमोलाने उचलले होते. निदान काही वाटा मूळ सैनिकांना द्या, असे मॅडिसन यांनी सुचवले. ते 36 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. राज्यांची कर्जे घेण्याचा भाग मात्र 12 एप्रिलला 31 विरुद्ध 29 असा पडला. व्हर्जिनियाने आपले बरेच कर्ज फेडत आणले होते. मॅसॅच्युसेट्सचे ओझे आपण का वाहायचे, हा तिचा सवाल रास्तच होता.

जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेडन लेनवर परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या घरी जेवण झाले. पाहुणे दोनच, हॅमिल्टन आणि मॅडिसन. हकीकत फक्त यजमानाने, तीही नंतर, लिहून ठेवली आहे; सगळे त्या एकाच टेबलावर ठरले असे मानायला इतिहासकार तयार नाहीत. पण सौदा झाला. दक्षिणेतली काही मते कर्जाच्या बाजूला फिरतील आणि राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियात राहून मग पोटोमॅक नदीकाठी जाईल. मत फिरवताना व्हर्जिनियाच्या अलेक्झांडर व्हाइट यांच्या पोटात अक्षरशः ढवळून आले, असे जेफरसन लिहितात. मत बदलणारे मेरीलँडचे डॅनियल कॅरोल पुढे नव्या शहराच्या तीन आयुक्तांपैकी एक झाले. राजधानीचा कायदा 16 जुलैला झाला, कर्जाचा 4 ऑगस्टला. नेमकी जागा निवडण्याचे काम जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे आले, आणि त्यांची माउंट व्हर्नन ही जहागीर त्याच नदीवर होती.

1800 च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेस अर्धवट बांधलेल्या कॅपिटॉल या संसद भवनात आली. तोवर इथले लोक मेरीलँड किंवा व्हर्जिनियाचे मतदार म्हणून मत देत होते. 27 फेब्रुवारी 1801 च्या कायद्याने प्रदेश पूर्णपणे काँग्रेसच्या ताब्यात गेला आणि ते मत संपले. ऑगस्टस वुडवर्ड या वकिलाने लगेच पत्रके काढून प्रतिनिधित्वासाठी घटनादुरुस्ती मागितली. कोणी दाद दिली नाही.

पुढचे थोडक्यात. 1846 मध्ये अलेक्झांड्रियाचा भाग व्हर्जिनियाला परत देण्याचे ठरले. अध्यक्षीय निवडणुकीतले मत 1961 च्या 23 व्या घटनादुरुस्तीने मिळाले. पूर्ण प्रतिनिधित्व देणारी 1978 ची दुरुस्ती 38 राज्यांची संमती हवी असताना 16 वर अडकली. स्वतंत्र राज्याचे विधेयक प्रतिनिधिगृहाने 2020 आणि 2021 मध्ये मंजूर केले. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

शहर राज्य नसल्याने तिथले नॅशनल गार्ड हे राखीव दल महापौरांच्या नव्हे, राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत आहे. 6 जानेवारी 2021 रोजी जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला तेव्हा महापौरांनी जादा कुमक मागितली. परवानगी पेंटागॉनकडून, म्हणजे संरक्षण खात्याकडून, यायची होती, आणि गार्डचे जवान इमारतीपाशी पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते.