बारा अब्जांचा हार

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. छतातलं कमळ बघता बघता मान अवघडली की बाहेर पडायचं, एवढीच आठवण. या मुलखातल्या जैन विद्येचा एक धागा मात्र त्याहून साडेतीनशे वर्षं मागे जातो, आणि तो चक्क गुणाकाराचा आहे.

इ.स. ८५०च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. ग्रंथातलं एक उदाहरण असं: २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर येतं १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं. महावीराचार्य अशा उत्तरांना गळ्यातला हार म्हणतात.

यात जादू काही नाही. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक: १,११,१११. चौकटीच्या वहीत या संख्येला तिनेच गुणून बघा. सहा ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रांगांत एक, दोन, तीन असे सहापर्यंत एकक साचतात आणि पुन्हा कमी होतात. हातचा कुठेच येत नाही.

विसाव्या शतकात हेच हार देवळालीच्या एका शाळामास्तरांना भेटले: दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). कल्पना सुचली ती जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर, म्हणून नाव पडलं 'डेमलो संख्या'. १, १२१, १२३२१ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध माळ. मळखेड कर्नाटकात, डोंबिवली महाराष्ट्रात. सीमाभागात संख्या कुणाची यावरही वाद रंगेल! मला विचाराल तर 'हार' हेच नाव जास्त शोभतं.

आजच्या वर्गीकरणात महावीराचार्यांची १२३४५६५४३२१ ही संख्या बऱ्याच खणांत बसते. उलटसुलट सारखी वाचली जाते. पूर्ण वर्ग आहे. ३, ७, ११, १३ आणि ३७ या मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार असल्याने तिला २४३ भाजक आहेत. ती स्वतः सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज तिच्यापेक्षा जास्त भरते. विषम संख्यांत हे क्वचित घडतं. अशी सर्वांत लहान विषम संख्या ९४५.

हार नऊ एकांपर्यंत टिकतो. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या रांगेत दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर पडतं १२३४५६७९००९८७६५४३२१.