‘लैला’ हे त्या प्रेयसीचं खरं नाव होतं का?

वर्षानुवर्षं फिरणारा एक संदेश सांगतो: १९७० च्या ‘लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज’ या रॉक अल्बममागच्या प्रेयसीचं नाव लैला होतं आणि त्यातलं प्रत्येक गाणं तिच्यासाठीच लिहिलं होतं.

प्रेम खरं होतं आणि निषिद्धही, कारण ती अल्बमचा गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टन याच्या जवळच्या मित्राची पत्नी होती. पण तिचं नाव लैला नव्हतं. ते आलं निजामीच्या बाराव्या शतकातल्या फारसी काव्यातून, म्हणजे आपल्या ओळखीच्या लैला-मजनूच्या कथेतून. त्यात लैलाचे वडील लग्नाला नकार देतात आणि तिचा प्रियकर कैस विरहात वेडा होतो. ‘मजनू’ म्हणजे वेडाच. उघड बोलता येत नव्हतं, म्हणून आठशे वर्षांपूर्वीचं नाव उसनं घेतलं. मला हे खऱ्या नावापेक्षा जास्त हृदयस्पर्शी वाटतं.

पडताळणी सोपी आहे. अल्बमची श्रेयनामावली पाहा. पाचव्या गाण्याच्या, ‘आय ॲम युवर्स’च्या, श्रेयात निजामीचं नाव आहे, कारण शब्द त्याच्या काव्यावर बेतलेले आहेत. तिथेच दिसेल की चौदापैकी पाच गाणी मुळात इतरांची आहेत. म्हणजे ‘प्रत्येक गाणं तिच्यासाठीच लिहिलं’ हेही बरोबर नाही.